पाव फेरा मागे

"दार पूर्ण लावू नकोस," दक्षता म्हणाली.

दिपेशने प्लास्टिकची छोटी बाटली घेतली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मोरीत गेला. दार अर्धं उघडं राहिलं. एकतीस वर्षांचा भाऊ आत आणि चौतीस वर्षांची बहीण बाहेर भिंतीकडे तोंड करून पहाऱ्याला. मोरीतला नळ तिने आधीच बाहेरून बंद केला होता, कारण नमुन्यात पाणी मिसळायची युक्ती तिला ठाऊक होती. अकरा वर्षं ती नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होती आणि त्यांच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होती. घरच्या माणसाच्या बाटलीवर नाव लिहायची पाळी दुसऱ्यांदा आली होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिताना तिने नाव चुकवून दोनदा खोडलं होतं. आज ते पहिल्या झटक्यात नीट उमटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

कोलशेत गावातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. आत शिंकलं तरी बाहेर ओट्यावर कळायचं. ओट्यावर दामाजी फाटकं जाळं शिवत बसले होते. खाडीत मासा उरला नव्हता, होडी महिन्यातून चारदा निघायची, पण जाळं शिवायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

"पोराला येवरा का तपासतेस, बाय?" ते मान वर न करता म्हणाले. "त्याचे डोले बघ. साफ हायेत."

"मागच्या वेळी पण साफच दिसलेले, बाबा."

दामाजींनी दोऱ्याला गाठ मारली. मागच्या वेळी पोराच्या डोळ्यांची ग्वाही त्यांनीच दिली होती.

दिपेश बाहेर आला. बाटली त्याने तिच्या हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवली. "ताई, मी काही घेतलेलं नाही," तो म्हणाला. आवाजात ना राग ना विनवणी, पत्ता सांगावा तसं म्हणाला.

"मग दोन दिवस सकाळी करत काय होतास तू?"

"मी वेळेवर गेलेलो."

हे तो दुपारपासून तिसऱ्यांदा सांगत होता. दक्षताच्या मस्तकात तिडीक गेली. खोटं बोलायचं तर माणसाने जरा बरं तरी बोलावं. टायर पंक्चर झालं म्हणावं, पोट बिघडलं म्हणावं. पाणी दीड तास उशिरा सोडलं आणि वर मी वेळेवर होतो.

घडलं होतं ते असं. गावाला लागून पूर्वी एक केमिकल कंपनी होती. ती बंद पडली, तिच्या जागेवर पाच उंच इमारतींचं संकुल उभं राहिलं, आणि त्या संकुलाच्या पंपघरात दिपेशला कामाला लावण्यासाठी दक्षताने दोन महिने लोकांचे उंबरे झिजवले होते. काम डोंगर फोडायचं नव्हतं. पंपघरात पाच इमारतींचे पाच व्हॉल्व्ह. सकाळी सहाला ए विंगचा उघडायचा, पंप चालू करायचा, चाळीस मिनिटांत वरची टाकी भरली की तो बंद करून बी विंगचा उघडायचा, असं ई विंगपर्यंत. जुना ऑपरेटर आनंदा निवृत्त होऊन चिपळूणकडे गावी निघाला होता. त्याने तीन आठवडे दिपेशला हाताखाली घेऊन शिकवलं आणि शनिवारी तो गेला. रविवारी दिपेशने एकट्याने पाणी सोडलं ते ठीक सहाला. दक्षताने त्या दिवशी शेजारी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आणि आज मंगळवारी दुपारी, एका म्हाताऱ्या बाईच्या दंडाला पट्टा बांधलेला असताना, संकुलाचा मॅनेजर साईनाथ याचा फोन आला. माणूस साताऱ्याकडचा, बोलायला मऊ. तो म्हणाला, काल ए विंगला पाणी पावणेसातला आलं, मी समजून घेतलं. आज साडेसात. शाळेच्या बस निघून गेल्या, लोकांनी पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने तोंडं धुतली. रात्री कमिटीची मीटिंग आहे. मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन त्याने विचारलं, "मॅडम, तो परत तसलं काही घेत नाही ना? तुम्ही शब्द दिलेला म्हणून विचारतो."

त्या शब्दासाठीच बाटली होती.

दिपेशची गोष्ट सांगायची तर आधीचा दिपेश सांगायला हवा. लहानपणी त्याला अर्ध्या गावाचे फोन नंबर तोंडपाठ होते. दुकानदार वही न उघडता त्याला विचारायचे. सात वर्षांचा असताना तो होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, बसून भरतीच्या वेळा घडाघडा म्हणायचा. खाडीवरच्या माणसांचा तो जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, बारशीला नऊ. पुनव झाली की पुन्हा एकपासून. दक्षतालाही तो येत असे, पण तिला बोटं मोजावी लागत. दिपेशला बोटं लागत नसत. त्यांची आई जनाबाई मासळीच्या पाटीपाशी हात पुसत म्हणायची, माझ्या पोराच्या डोक्यात घड्याळ आहे.

तेच डोकं घेऊन तो भिवंडीच्या एका गोदामात लागला. रात्रपाळी, हजारो खोकी, प्रत्येकाचा नंबर वेगळा. पहिले सहा महिने तो तिथे हिरो होता. मग झोप येऊ लागली. विठ्ठलवाडीहून येणाऱ्या बंटी नावाच्या जोडीदाराने कागदाच्या पुडीतली चिमूटभर पावडर दिली, एमडी म्हणतात ती. झोप उडाली, हात दुप्पट चालू लागले, डोक्यात दिवाळी. चार वर्षं ती दिवाळी चालली आणि घराचं दिवाळं निघालं. दक्षताचं ठरत आलेलं लग्न त्यातच फिसकटलं, पण ते ती कोणाला सांगत नसे.

डोंबिवलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात पाच महिने काढून तो आला, त्याला आता सोळा महिने झाले होते. पावडर सुटली. सगळ्यांना वाटलं, सुटला पोरगा. पण जो परत आला त्याच्या हातातून नव्या गोष्टी निसटत होत्या. दुकानात तीन वस्तू आणायला पाठवला तर एक आणायचा आणि दुसरीसाठी फोन करायचा. पेपर वाचायला घ्यायचा आणि त्याच बातमीवर अर्धा तास थांबायचा. जुनं मात्र जागच्या जागी होतं, शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचं इथपर्यंत. मधली चार वर्षं म्हणजे कसर लागलेलं कापड, कुठे भोक पडलंय ते अंगावर घेतल्यावरच कळायचं. महिन्या दोन महिन्यांनी तो विचारायचा, "ताई, आईला मी खांदा दिलेला ना?" दक्षता हो म्हणायची. जनाबाई गेल्या त्या दिवशी तो विठ्ठलवाडीत एका खोलीत फोन बंद करून पडला होता. हे खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता आणि खरं बोलायची हिंमत होत नव्हती.

केंद्रातले डॉक्टर सुश्रुत समजावून सांगणारे होते. ते म्हणाले होते की ही पावडर मेंदूतलं हुरूप आणणारं रसायन एकदम उपसून काढते. वर्षानुवर्षं असं उपसत राहिलं की लक्ष धरून ठेवणारी आणि नवीन गोष्ट पक्की बसवणारी यंत्रणा झिजते. आधी बसलेलं बहुतेक राहतं, नवीन बसायला तयार नसतं. त्यातलं काही वर्ष दोन वर्षांत भरून येतं, काही येत नाही, आणि कोणाचं किती ते आज कोणी सांगू शकत नाही. तो आळशी झालाय असं समजू नका. उठता उठता ते आणखी एक म्हणाले होते, की त्याला तोंडपाठ करायला लावू नका, हातांनी करू द्या, हातांची आठवण वेगळ्या जागी असते. तेव्हा दक्षता पर्समध्ये पुढच्या तारखेची चिठ्ठी शोधत होती. तिने मान हलवली आणि ते सोडून दिलं. त्यांच्या घरात शिकणं म्हणजे घडाघडा म्हणून दाखवणं, दुसरं काही तिला माहीतच नव्हतं.

म्हणून तिने वही घातली. शंभर पानी, निळ्या कव्हरची. तीन आठवडे रोज संध्याकाळी चहा झाला की दिपेश समोर आणि वही मांडीवर. एक, ए विंग किती वाजता? दोन, पंप आधी की व्हॉल्व्ह आधी? तीन, कुठला काटा लाल रेघेवर गेला की पंप बंद? चार, व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर काय करायचं? बरोबर आलं की टिक, चुकलं की फुली. आनंदाकडून माहिती विचारून हे प्रश्न तिने स्वतः काढले होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. दिपेश कपाळावर आठ्या घालून बसायचा. पहिला प्रश्न कधी यायचा, कधी नाही. चौथ्याला तो रोज छताकडे बघायचा. रोज ती सांगायची, पाव फेरा मागे घ्यायचा, नाहीतर व्हॉल्व्ह अडकतो. रोज तो "हां हां, बरोबर" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छताकडे. एकवीस दिवसांत चौथ्या प्रश्नापुढे एकवीस फुल्या होत्या. एकदा तर तिने पेन भिंतीवर भिरकावलं होतं. दिपेशने ते उचलून आणून दिलं होतं.

शेवटी तिने वेळापत्रक मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं आणि पंपघराच्या भिंतीला चिकटवून घेतलं. शनिवारी आनंदा गेला त्या संध्याकाळी बापलेक बराच वेळ ओट्यावर बोलत बसले होते. मध्येच दोघं हसले. त्या घरात ते हसणं कित्येक महिन्यांनी ऐकू आलं होतं, म्हणून दक्षताने काय चाललंय ते विचारलं नाही. ती आत भात लावत उभी राहिली आणि तिला बरं वाटलं.

आणि आता मंगळवार होता, आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पट्टी नमुन्यात बुडवून ती पाच मिनिटं मोजत होती. एमडीसाठी पट्टी वेगळी मागवावी लागते. तिने लॅबमधून दोन आणल्या होत्या, पहिलीवर विश्वास बसला नाही तर दुसरी. अशा पट्टीवर एकच रेघ आली तर माणूस अडकला आणि दोन आल्या तर सुटला.

दोन आल्या. दुसऱ्या पट्टीवरही दोन आल्या, ठसठशीत.

दक्षता कट्ट्याला टेकली आणि तिला रडू फुटलं. आनंदाने नव्हे. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, पण एक रेघ आली असती तर बरं झालं असतं असं तिला क्षणभर वाटलं होतं. एक रेघ म्हणजे चोर सापडला. मग डोंबिवली होती, डॉक्टर होते, भांडण होतं, शपथा होत्या. दोन रेघा म्हणजे घरात चोर नाहीच. जे आहे ते हेच आहे, स्वच्छ, सोळा महिने एकही पुडी न घेतलेलं, आणि तरी सहाचे साडेसात करणारं. आता भांडायचं कोणाशी? आपण असा विचार करतो याची तिला लाज वाटली आणि लाजेने राग आणखी वाढला.

"काय आला?" दामाजींनी बाहेरून विचारलं.

"काही नाही त्यात."

"मी काय सांगतलेला?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "त्याच्या डोक्यान सगला हाय, बाय. पार तलाला हाय. तुना ता भायेर काढता येत नाय."

तिला येत नाही. अकरा वर्षं ती लोकांच्या शिरा शोधत होती, तिला घरच्या माणसाचं काढता येत नाही. दिपेश खाटेवर बसून उद्यासाठी शर्टाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. वही तिने त्या दिवशी उघडली नाही, नुसती पर्समध्ये टाकली.

बुधवारी तिने लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि दिपेश निघाल्यावर वीस मिनिटांनी त्याच्या मागोमाग निघाली. हेरगिरीच करायची तर धड करावी. तिच्या मनात तीन शक्यता होत्या. तो वाटेत कुठेतरी थांबत असेल. पंपघरात झोपत असेल. नाहीतर पट्ट्या जुन्या असतील.

सहाला पाच कमी असताना ती पंपघराच्या जाळीच्या खिडकीशी पोचली. दिपेश आत होता. आंघोळ केलेला, केस विंचरलेले, निळा शर्ट पँटमध्ये खोचलेला. फरशी झाडलेली होती, पंपावरचं तेल पुसलेलं होतं. स्टुलावर तो ताठ बसला होता आणि समोरच्या घड्याळाकडे बघत होता. डोळा लागला नव्हता, फोन हातात नव्हता. सहा वाजले. तो हलला नाही. सहा वाजून पाच झाले, सात झाले. भरल्या ताटावर बसून एखाद्याने न जेवावं तसा तो पाच व्हॉल्व्हसमोर बसून होता. दक्षताला राहवलं नाही. ती दार ढकलून आत गेली.

"थांबलायस कशाला?"

तो दचकला, पण चोरी पकडल्यासारखा नाही. "तू इथे कशी? वेळ नाही झाली अजून."

"सहा वाजून गेले, दिपेश."

"हो, पण आज सव्वाआठ ना," तो म्हणाला. "आज एकादशी. अकराची पाऊणकी सव्वाआठ."

तिला क्षणभर काहीच कळलं नाही. मग तिने पाइपाला धरलं.

"ए विंगची भरती," त्याने समजावून सांगितलं. "बाबांनी बसवून दिलं शनिवारी. मला ते टायमिंग राहत नव्हतं ना डोक्यात. ते म्हणाले, रविवारी अष्टमी, अष्टमीची भरती सहाला, ए विंग पण सहाला. तू भरती कधी विसरलायस का? मग झालं तर. ए विंग म्हणजे भरती. आणि खरंच राहिलं गं. एकदा पण नाही विसरलो."

रविवारी सहा. सोमवारी नवमी, पावणेसात. मंगळवारी दशमी, साडेसात. साईनाथने आकडे फोनवर एकापाठोपाठ एक तिच्या कानात घातले होते. हीच पाऊणकी तीही लहानपणी बोटं मोजून म्हणत होती, आणि ऐकताना तिच्या डोक्यात आली ती फक्त पावडर. लहान मूल चुकतं तेव्हा आपण त्याची वही बघतो. याची वही बघायच्या आधी तिने याची बाटली बघितली होती.

दामाजींचंही चुकलं म्हणायला जीभ वळत नव्हती. बुडणाऱ्या होडीला त्यांनी त्यांच्याकडचा सगळ्यात मजबूत दोर बांधला होता. तो दोर रोज पाऊण तास पुढे सरकतो एवढं बोलायचं राहून गेलं, कारण खाडीवरच्या माणसाला ते बोलावं लागत नाही.

"भरती रोज पुढे जाते, दिपेश," ती हळू म्हणाली. "टाकी जात नाही. टाकी रोज सहालाच."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरची खात्री उतरत गेलेली तिने पाहिली, आणि ते बघणं तिला नको झालं. समजायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. समज गेलेली नव्हतीच.

"मग म्हणून ते ओरडत होते," तो म्हणाला.

"भिंतीवरचा कागद कुठे गेला?"

कागद रविवारी दुपारीच साईनाथने काढायला लावला होता. कमिटीची मंडळी पाहणीला येणार होती, नव्या रंगावर चिकटपट्टी बरी दिसत नाही म्हणून. दिपेशने तो घडी करून खिशात ठेवला आणि शर्ट धुण्यात गेला.

"मला का नाही सांगितलंस? दुसरा लिहून दिला असता."

दिपेशने घड्याळाकडे पाहिलं. "तू वही काढली असतीस," तो म्हणाला.

तो उठला आणि ए विंगच्या व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवू लागला. चाक थांबेपर्यंत फिरवलं, मग जरा उलटं आणलं आणि पंपाचं बटण दाबलं. पाइपातून पाणी धडधडत वर चढलं. सहा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. पंधरा मिनिटं काही फार नाहीत, असं दक्षताच्या मनात आलं. साईनाथला सगळं नीट सांगितलं तर अजून सावरता येईल.

"बाबांना नको सांगू हां," दिपेश पंपाच्या आवाजात म्हणाला. "त्यांना वाईट वाटेल."

साईनाथ पावणेसातला आला तो एकटा नव्हता. बरोबर कामगार पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस होता, सहदेव नावाचा, पंचेचाळिशीचा, डब्याची पिशवी घेतलेला. दक्षताने त्याला बघितलं आणि मीटिंगमध्ये काय ठरलं ते न विचारता कळलं. तरी ती साईनाथला बाहेर घेऊन गेली आणि तिने सगळं सांगितलं. पट्ट्या सांगितल्या, दोन दोन रेघा सांगितल्या. अष्टमी सांगितली, पाऊणकी सांगितली, बापाने कसं बसवून दिलं ते सांगितलं. भिंतीवर रंगाने वेळा लिहून घ्या, खर्च मी देते, आठ दिवस द्या, एवढंच. साईनाथ ऐकत होता. ऐकून घेणारा माणूस होता आणि तेच जास्त असह्य होतं.

"मॅडम, मला पटतंय," तो म्हणाला. "पण मी कमिटीला काय सांगू? दशमी होती म्हणून साडेसातला पाणी आलं? लोक मला हसतील. आणि तुमचा भाऊ कोण, काय, ते आता त्यांना कळलंय. आता वेळेवर सोडलं तरी ते घड्याळ बघणार नाहीत, त्याच्याकडेच बघणार."

"कागद तुम्ही काढायला लावलात."

"हो," साईनाथ म्हणाला. "ते माझं चुकलं." त्याने ते मनापासून म्हटलं. पण त्यामुळे काहीही बदलणार नव्हतं. दक्षताला वाटलं, या जगात एक तरी माणूस वाईट सापडावा, ज्याच्या नावाने बोटं मोडता येतील. सगळे आपापल्या जागी बरे आणि पोरगा रस्त्यावर. ती एवढंच म्हणाली की आजचं पाणी त्याला पूर्ण सोडू द्या, अर्ध्यातून उठवू नका. साईनाथ हो म्हणाला. सहदेव तोवर बघून शिकेल, तेवढाच उपयोग.

आत आल्यावर दिपेशला कोणी काही सांगितलं नाही. त्याने सहदेवच्या हातातली डब्याची पिशवी पाहिली आणि स्टुलावरचं आपलं फडकं उचलून पिशवीला जागा करून दिली. ए विंगची टाकी भरली. त्याने बी विंग उघडली. चाक थांबेपर्यंत फिरवलं, जरा उलटं आणलं. दक्षता दाराशी उभी होती, पण तिचं लक्ष नव्हतं. घरी बाबांना काय सांगायचं, उद्यापासून हा दिवसभर खाटेवर बसून शर्टाच्या घड्या घालणार, त्याला पुन्हा कोणाच्या दारात न्यायचं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

सी विंगच्या वेळी सहदेव म्हणाला, मी बघू का एक? दिपेश बाजूला झाला. सहदेव तगडा होता. त्याने चाक झपाझप फिरवलं, शेवटी जोर लावून गच्च केलं आणि हात झटकत पंपाच्या बटणाकडे वळला. दिपेश पुढे आला. त्याने चाकावर हात ठेवला आणि ते थोडं उलटं आणलं, जेमतेम पावभर.

"पाव फेरा मागे घ्यायचा," तो म्हणाला. "गच्च ठेवला की वॉल अडकतो. मग बंद करायला दोन माणसं लागतात."

"असं का? आमच्याकडे कोण करत नाही," सहदेव म्हणाला. "कोणी शिकवलं तुला?"

"आनंदाकाकांनी. इथेच, आता तीन आठवड्यांत."

दक्षताने मान वर केली. पर्स तिच्या खांद्याला होती आणि पर्समध्ये वही होती. प्रश्न चौथा, एकवीस फुल्या. ए विंगला त्याने तसंच केलं होतं, बी विंगला तसंच केलं होतं, आणि तीन आठवडे रोज सकाळी, ती जिथे नव्हती तिथे, पाचही वेळा तो तसंच करत आला असणार. ही भरती नव्हती, बालपणीचं नव्हतं. हे नवीन होतं आणि ते बसलं होतं. रोज संध्याकाळी तिने ते त्याच्या तोंडात शोधलं होतं.

तिला ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं, साईनाथला, नाहीतर डोंबिवलीच्या डॉक्टरांना फोन करून. पण साईनाथ मोबाइलवर कोणाशी तरी बोलत उभा होता, आणि सांगून आता काम परत मिळणार नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ती तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

चाळीस मिनिटांनी डी विंग आली. सहदेवने चाक थांबेपर्यंत फिरवलं, हात तसाच ठेवला, आणि पाव फेरा मागे घेऊन दिपेशकडे पाहिलं. दिपेशने मान हलवली. मग, ई विंग बाकी असतानाच, त्याने खिशातून पंपघराच्या चाव्यांचा जुडगा काढला, फडक्याने पुसला आणि सहदेवच्या डब्याशेजारी ठेवला.